शेवटच्या टाकीतला ग्लास

कारखान्यात त्याचं नाव फिल्टर पडलं होतं, आणि ते काही प्रेमानं पडलेलं नव्हतं. त्याच्या तावडीतून थेंबही सुटत नाही, असं एकानं कुजकटपणे म्हटलं, दुसऱ्यानं उचललं, आणि पुढं हजेरीच्या खिडकीवरचा माणूससुद्धा "फिल्टर आला का?" असंच विचारायला लागला. कापड रंगवायचा कारखाना तो. पाण्याशिवाय तिथं पान हलत नाही. कापड भिजवा, उकळा, रंगवा, धुवा, पुन्हा धुवा. अशा ठिकाणी एखादा माणूस दिवसभर नळ बंद करत फिरायला लागला, तर त्याला कोण डोक्यावर घेणार?

फिरायचा मात्र. कमरेला पाना, ओठांवर शिवी. कोणी हात धुताना नळ सोडून गप्पा मारत उभा दिसला की मागून हात घालायचा आणि नळ बंद करायचा. "आजोबांनी विहीर ठेवलीय का रे तुझ्या नावावर?" फरशी धुणाऱ्या बायकांच्या रबरी नळ्यांना त्यानं अशा चाव्या बसवल्या की दाबून धरलं तरच पाणी यायचं. दाबून दाबून त्या बायकांची बोटं दुखायची आणि तीच बोटं त्या त्याच्या नावानं मोडायच्या. कँटीनच्या मोरीत वाहत्या नळाखाली भांडी विसळायची पद्धत त्यानं बंद केली आणि ओळीनं टब मांडले. कँटीनवाल्यानं राग म्हणून त्याच्या चहात साखर घालायचं सोडलं. फिल्टर बिनसाखरेचा चहा प्यायला लागला, पण टब काही हलले नाहीत.

घरीही तीच तऱ्हा. बायको तांब्या विसळत असली की हा दारातून बघायचा. एकदा तिनं तो तांब्या त्याच्याच दिशेनं भिरकावला. "घ्या! धुवा तुम्हीच! थुंकी लावून धुवा!" त्यानं तांब्या झेलला आणि आत उरलेलं पाणी झाडाला घातलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

आता माणूस असा काही पाळण्यातून उतरत नाही. तरुणपणी तो दुसऱ्या एका कारखान्यात बाटल्या धुवायच्या मशीनवर होता. थंड पेयाच्या बाटल्या. तिथं पाणी म्हणजे फुकटचा माल. बोअर होते, चोवीस तास धो धो चालू. पाणी खाली गेलं की मालक आणखी खोल खोदायचा, आणखी खाली गेलं की आणखी खोल. शेवटी एका सकाळी मशीनमधून पाण्याऐवजी हवा आली, मग लाल चिखल आला, मग तोही येईना. कारखान्याला कुलूप लागलं. मालक दुसरीकडे निघून गेला, त्याचं काय जात होतं? बाटल्या धुणारे मात्र रस्त्यावर आले. फिल्टरचं तेव्हा नवं लग्न झालेलं. घरात बसून तो भिंतीकडे बघायचा आणि रात्री स्वप्नातल्या त्या उघड्या नळांच्या आवाजानं दचकून उठायचा.

तेव्हा त्याच्या मदतीला धावला तो मास्तर. आणि इथंच सगळी माती झाली.

मास्तर म्हणजे कापडाच्या कारखान्यातला रंगखात्याचा मास्तर. फिल्टरच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. थोरलीचा तो, धाकटीचा हा, म्हणजे साडू साडू. मास्तरनं वर शब्द टाकला आणि फिल्टरला कारखान्यामागच्या, रंगाचं पाणी साफ करायच्या प्लांटवर नोकरी लागली. एवढं करून गप्प बसला असता तर फिल्टरनं त्याचे पाय धुतले असते, तेही वापरलेल्या पाण्यानं का होईना. पण मास्तरची जीभ म्हणजे कात्री. पहिल्या पगारापासून त्यानं ऐकवायला सुरुवात केली. चार माणसांत म्हणायचा, "हा ना? हा आमचा साडू. मी चिकटवला याला." लग्नाच्या पंगतीत म्हणायचा. हजामाच्या दुकानात म्हणायचा. 'चिकटवला' म्हणजे काय, पोस्टाचं तिकीट आहे का माणूस? फिल्टर दात खाऊन ऐकत राहायचा.

कंपनीच्या क्वार्टर्समध्ये दोघांच्या खोल्या समोरासमोर. दार उघडलं की दार. बहिणीबहिणींचं चांगलं गूळपीठ. एकीची दोरी, दुसरीचे कपडे. पण नवरे एकमेकांशी बोलायचे बंद झाले, त्याला वर्षं लोटली. काही सांगायचंच झालं तर मास्तर बायकोला सांगायचा, ती धाकटीला, धाकटी याला. उत्तर त्याच वाटेनं परत. वाटेत दोघी बहिणी त्यातल्या शिव्या काढून टाकायच्या, त्यामुळं निरोप पोचायचा तेव्हा फार छोटा झालेला असायचा.

कारखान्यात मात्र दोघांना बोलावंच लागायचं, आणि ते बोलणं व्हायचं एका पाइपातून.

झालं होतं असं. रंगखात्यातून निघालेलं सगळं पाणी नालीनं मागच्या प्लांटवर यायचं. तिथं ते आधी निवळायचं, मग हवेच्या टाकीत जायचं. या टाकीत खालून हवा सोडलेली. तपकिरी पाणी रात्रंदिवस उसळत असायचं, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यातली घाण खायचे. फिल्टर त्यांना 'माझी जनावरं' म्हणायचा. कारखाना सुट्टीला बंद राहिला की ती उपाशी मरायला नकोत म्हणून बादलीभर साखरेचं पाणी घेऊन जायचा. धाकटी म्हणायची, "माझ्या माहेरी यायला यांना सवड नाही, किड्यांना भरवायला आहे!" तिथून पुढं वाळू, मग कोळसा, आणि शेवटची टाकी. त्या टाकीतलं पाणी बघितलं तर तळाचा नट न् नट मोजून घ्यावा. तेच पाणी मग बॉयलरच्या बाजूला थंडाव्याला जायचं, फरशांना, संडासांना, बागेला. तेवढं नवं पाणी जमिनीतून उपसायचं वाचायचं.

पण काळा रंग आला की घोळ. काळा कापडाला धरायचा तर मीठ लागतं, आणि चिमूटभर नव्हे, पोतीच्या पोती. रंगवून झालं की ते कढत, खारट पाणी मशीनमधून सोडायचं. ते एकदम हवेच्या टाकीत आलं तर जनावरं पटापटा मरायची. म्हणून काळ्यासाठी बाजूला वेगळी टाकी बांधलेली. तीत साठवायचं, आणि थोडं थोडं करून पुढं द्यायचं. त्या टाकीत जागा आहे का, हे विचारल्याशिवाय रंगखात्यानं काळं सोडायचं नाही, असा नियम होता. फोन निम्म्या वेळा बंद. पण भिंतीवरून वाफेचा एक जुना, निकामी पाइप रंगखात्यातून थेट प्लांटवर आलेला होता. मास्तरनं त्याच्यावर तीन टोले हाणायचे: सोडू का? फिल्टरनं दोन हाणले तर सोडा. एक हाणला तर थांबा.

मास्तरच्या पोटात दुखायचं ते इथं. "पाणी माझं, मशीन माझी, कापड माझं," तो हाताखालच्या माणसांसमोर तणतणायचा, "आणि सोडायला परवानगी कोणाची, तर ज्याला मी चिकटवला त्याची!" त्यात वरून टूम निघाली, की प्लांटचं साफ झालेलं पाणी पुन्हा रंगखात्यातच पहिल्या धुण्याला घ्यायचं. मास्तर बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाला, "उष्टं पाणी माझ्या कापडाला लागणार नाही. ज्याला हौस असेल त्यानं आपली लुंगी धुवावी त्यात."

फिल्टरच्या कानावर हे आलंच. तो काही साधुसंत नव्हता. त्याच्या हातात एकच सत्ता होती, तो एक टोला, आणि ती त्यानं वापरली. टाकीत जागा असतानासुद्धा तो कधी कधी मास्तरला ताटकळत ठेवायचा. तिकडून टण टण टण. इकडून टण. मग हा बाकावर बसून बिनसाखरेचा चहा संपवायचा, कप विसळायचा, विसळलेलं पाणी कुंडीत ओतायचा, आणि मग सावकाश दोन टोले. खोटं कशाला बोला, त्याला त्यात फार बरं वाटायचं.

राहिला तो ग्लास. कारखान्यात पाहुणे आले की साहेब त्यांना प्लांट दाखवायला आणायचे. फार पूर्वी एका जुन्या साहेबांनी पाहुण्यांसमोर थट्टा केली होती, "एवढं साफ आहे म्हणतोस, तर पिऊन दाखव की!" फिल्टरच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं ग्लास शेवटच्या टाकीत बुडवला आणि घटाघटा पिऊन टाकला. पाहुणे अवाक. तेव्हापासून प्रथाच पडली. पाहुणे आले की फिल्टरचा ग्लास. तुम्ही आम्ही प्यायलो नसतो. पण तो प्यायचा, आणि खरंच त्याच टाकीतलं प्यायचा. मास्तर म्हणायचा, "गटार पितं येडं." फिल्टरला मात्र अख्ख्या आयुष्यात मिरवायला एवढी एकच गोष्ट होती.

तर त्या वर्षी कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बघायला येणार असं ठरलं. वापरलेलं पाणी पुन्हा वापरणाऱ्यांकडूनच यापुढं कापड घेणार, असं त्यांनी कळवलं होतं. साहेबांनी फिल्टरला बोलावलं. हे साहेब नवे, तरुण, सतत घाम पुसणारे.

"हे बघ, त्यांना पटलं तर प्लांट वाढवायचा आणि तुला त्याचा मुख्य करायचा. मास्तरच्या बरोबरीचा. नाही पटलं, तर मालक हा प्लांट बाहेरच्या ठेकेदाराला देणार. तो आपली माणसं आणणार."

"आणि मी?"

साहेब घाम पुसत म्हणाले, "मग तू घरी."

घरी! पुन्हा भिंतीकडे बघत. फिल्टर त्या दिवसापासून प्लांटवर असा राबला की जनावरांनाही घाम फुटला असेल. टाक्या घासल्या, झडपा रंगवल्या, वाळू बदलली. एवढं शहाणपण दाखवणाऱ्या माणसानं आणखी एक गोष्ट करायला हवी होती: साडूच्या वाटेला जायचं नाही. पण छे!

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी दुपारी पाइप वाजला. टण टण टण. बाजूची टाकी निम्मी रिकामी होती. फिल्टरनं चहाचा कप हातात घेतला आणि एक टोला हाणला. थोड्या वेळानं पुन्हा तीन, जोरात. पुन्हा एक. तिसऱ्यांदा तीन आले तेव्हा फिल्टर हसत होता. 'मुख्य झालो की आणखी थांबवीन,' असं त्याच्या मनात चाललं होतं. तिकडं कापड त्या कढत काळ्यात ताटकळत पडलं होतं. बाहेर निघालं तेव्हा त्याच्यावर डागच डाग, गजकर्ण झाल्यागत. अख्खा लॉट फुकट. साहेबांनी मास्तरला सगळ्या खात्यासमोर झाडलं, फरशी धुणाऱ्या बायकांच्या देखत. मास्तरनं एवढ्या वर्षांत कधी खाली मान घातली नव्हती, ती घातली.

संध्याकाळी क्वार्टर्सच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. मास्तर निरोपाची वाट सोडून थेट बोलला. "बघून घेईन," एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाइप दिवसभर वाजलाच नाही. फिल्टरला वाटलं, वरमला. काळं रंगवायचंच बंद ठेवलं असेल. घरी जाऊन तो धाकटीला म्हणाला, "तुझे भावजी सरळ झाले बरं का." धाकटी म्हणाली, "भावजी आणि सरळ? ताई इतकी वर्षं संसार करतेय, तिला नाही जमलं, ते तुमच्या पान्यानं होणार?" बायकोचं ऐकून तो तसाच उठून प्लांटवर गेला असता तर काही वाचलं असतं. तो जेवला आणि झोपला.

सकाळी प्लांटच्या फाटकापाशीच त्याला वास आला. हवेच्या टाकीवर पांढरा, घट्ट फेस चढला होता, कठड्यावरून बाहेर ओघळत होता. खालचं तपकिरी पाणी राखेच्या रंगाचं झालेलं. त्यानं धावत नाली गाठली. कडेला काळी रेघ वाळलेली होती, रुंद, गुडघ्याएवढ्या उंचीवर. म्हणजे काल मास्तरनं काळं रंगवलं होतं, आणि सगळं, एक टोलाही न वाजवता, बाजूच्या टाकीची झडप न फिरवता, सरळ नालीत सोडलं होतं. फिल्टर शेवटच्या टाकीशी गेला. पाणी तर नेहमीसारखं नितळ, कोळशानं रंग तेवढा खाल्ला होता. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ! नुसतं मीठ नव्हे, मेलेल्या जनावरांची घाणही. तो तिथंच थुंकला, आणि मग चक्क रडला. शिव्या देत रडला, पण रडला.

रंगखात्यात मास्तर खिडकीच्या उजेडात कापडाचा तुकडा धरून उभा होता. इस्त्रीचा सदरा घातलेला. पाहुणे येणार ना!

"काल काळं सोडलंत?" फिल्टर ओरडला.

"कोण म्हणतं?" मास्तरनं मान वळवली नाही.

"माझी टाकी म्हणते!"

"मग टाकीला साक्षीला घेऊन ये."

"माझी जनावरं मारलीत तुम्ही!"

आता मास्तर वळला. "आणि माझा लॉट मेला तेव्हा तू काय करत होतास? चहा पीत होतास ना? टाकी निम्मी रिकामी होती. मी माणूस पाठवून बघून घेतली होती." मास्तर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आज पी ग्लास. पी की! मी येतो बघायला."

फिल्टर साहेबांकडे पळाला. साहेबांनी ऐकलं आणि घाम पुसायचासुद्धा विसरले. पाहुण्यांची गाडी निघालेली होती, आता पुढं ढकलणं शक्य नव्हतं. "पाणी दिसायला स्वच्छ आहे ना?"

"दिसायला आहे. पण चव..."

"चव कोण बघतंय? तू कूलरचं पाणी ग्लासात भरून आधीच कठड्यावर ठेव. टाकीत बुडवल्यासारखं कर आणि पी. मुकाट्यानं. मास्तरचं नंतर बघू. कळलं?"

"कळलं," फिल्टर म्हणाला.

कळलं होतं, पण घशाखाली उतरत नव्हतं. कूलरचं पाणी प्यायचं म्हणजे आजवरच्या सगळ्या ग्लासांवर स्वतःच्या हातानं बोळा फिरवायचा. खरं पाणी प्यायचं तर पाहुण्यांच्या बुटांवरच ओकारी व्हायची. खरं सांगून टाकायचं तर ठेकेदार येणार आणि हा घरी. कठड्यावर भरलेला ग्लास ठेवून तो त्याच्याकडे बघत बसला. आणि मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली. ती सुचताच सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा शांत झाला. नोकरी गेली तर जाऊ दे, पण तो इस्त्रीचा सदरा सगळ्यांच्या देखत उघडा पडला पाहिजे.

पाहुणे आले. त्यांची मुख्य एक बाई होती, पिकल्या केसांची, जाड बुटांची, काही विचारलं की उत्तर येईपर्यंत डोळे न हलवणारी. बरोबर दोघं जण. फेस फिल्टरनं सकाळीच काढून टाकला होता, साहेबांनी हवेच्या टाकीवरून त्यांना झरझर पुढं नेलं. मागं सगळ्या खात्यांचे मुख्य ओळीनं उभे. त्यांत मास्तर, हाताची घडी घालून, डोळ्यांत मजा.

शेवटच्या टाकीशी साहेब म्हणाले, "आणि आता आमची प्रथा."

फिल्टरनं कठड्यावरचा ग्लास उचलला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फिल्टरनं ते पाणी ओतलं. फेकलं नाही हो, कुंडीतच ओतलं! मग वाकून, बाही वर करून ग्लास टाकीत खोल बुडवला आणि काठोकाठ भरून काढला. साहेबांचा रंग उडाला.

"आजवर मीच प्यायलो," फिल्टर मोठ्यानं म्हणाला. "माझं पाणी मी पिणार, त्यात कसला मोठेपणा? हे पाणी ज्यांच्या रंगातून येतं ते आमचे रंगखात्याचे मास्तर इथं उभे आहेत. नात्यानं माझे थोरले साडू. मला इथं त्यांनीच चिकटवला. आज मान त्यांचा." त्यानं ग्लास दोन्ही हातांत धरून पुढं केला. "घ्या, मास्तर."

सगळे मास्तरकडे बघायला लागले. ती बाईसुद्धा, डोळे न हलवता. मास्तरची हाताची घडी सुटली. त्यानं ग्लासाकडे पाहिलं, मग फिल्टरकडे. फिल्टरच्या मनात एकच घोकणं चाललं होतं: नाही म्हण. नाही म्हण, आणि बाईनं का म्हणून विचारलं की मी सांगतो. नाही म्हण, मेल्या.

मास्तरनं ग्लास घेतला.

तो प्यायला. घाईनं नव्हे, सावकाश, फिल्टरच्या डोळ्यांत डोळे घालून. पहिल्या घोटाला त्याच्या गळ्याची शीर टरारली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पडू दिलं नाही. सगळा ग्लास संपवला, उलटा करून दाखवला, आणि सदऱ्याच्या इस्त्रीच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "गोड आहे."

बाईनं टाळ्या वाजवल्या. साहेबांना ती म्हणाली, की प्लांटचा माणूस पितो याचं तिला विशेष वाटलं नसतं, पण पाणी घाण करणाराच ते पितो म्हणजे आणखी काय बघायचं? पाहुणे हसले, साहेब त्यांच्याहून मोठ्यानं हसले, आणि सगळा घोळका चहाकडे गेला. झालं. प्लांट वाचला. ऑर्डर वाचली. फिल्टर रिकामा ग्लास धरून उभा राहिला.

का प्यायला तो? ऑर्डर गेली असती तर रंगखातंही बसलं असतं, एवढं मास्तरला कळत होतंच. पण मला विचाराल तर ते कारण नव्हे. साडूच्या हातून हरायचं नाही, एवढाच तो माज. मिठाचं तसलं पाणी ग्लासभर पोटात घेणं म्हणजे जुलाबाच्या औषधाची बाटली रिचवण्यातलाच प्रकार!

बॉयलरच्या मागं मास्तर भिंतीला धरून ओकत होता. फिल्टर तिथं गेला. कशाला गेला, त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. मास्तरनं वर पाहिलं. चेहरा पांढराफटक, इस्त्रीचा सदरा भिजलेला, पण जीभ शाबूत.

"दुसऱ्यांदा चिकटवला तुला," तो म्हणाला. "आता आयुष्यभर ऐक." आणि पुन्हा ओकायला वाकला.

संध्याकाळी समोरच्या खोलीतून थोरलीचा आवाज येत होता. ती कँटीनवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होती, कारण नवऱ्यानं तिला कँटीनचं बाधलं असं सांगितलं होतं. संडासाच्या वाटेवर मास्तरच्या चपला अखंड वाजत होत्या. फिल्टरनं दार लावून धाकटीला सगळं सांगितलं, चहाच्या कपापासून. लॉटचंही सांगितलं.

"आणि भावजी प्यायले?" तिनं विचारलं.

"प्यायला."

"सगळा?"

"सगळा. उलटा करून दाखवला."

धाकटीनं ताकाचं पातेलं पुढं ओढलं. "मग तुम्ही हरलात," ती म्हणाली. "आणि लाज वाटू द्या जरा. माझ्या ताईचं कुंकू आहे ते." ती ताक घेऊन समोर गेली आणि त्याला त्या दिवशी जेवायला वाढायला आली नाही.

फिल्टर मुख्य झाला. खुर्ची आली, टेबल आलं. खुर्चीवर तो बसला नाही, बसायला वेळच नव्हता. हवेच्या टाकीत थोडी जनावरं तग धरून होती. त्यांना तो साखरेचं पाणी पाजत होता, बाजूच्या टाकीत हवेच्या टाकीतलं खारं पाणी उपसून भरत होता. ती टाकी आता काठोकाठ. काळ्याला खरोखरच जागा नव्हती, एका बादलीलाही नाही.

आणि मास्तर कामावर परतला त्याच सकाळी पाइप वाजला.

टण टण टण.

नीट, नियमाप्रमाणं, एकसारखे तीन. फिल्टरनं पाना उचलला आणि हात थांबला. दोन हाणले तर उपकार फिटले, आणि उरलेली जनावरंही गेली. एक हाणला तर मास्तर काय समजणार? जे नेहमी समजत आला तेच. खोटं थांबायला लावायचा तेव्हा त्यानं ऐकलं होतं. आज खरं थांबवायचं होतं, आणि आज तो कशाला विश्वास ठेवील? त्या निम्म्या रिकाम्या टाकीची आठवण फिल्टरला इतकी झोंबली की त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली.

त्यानं एक हाणला.

तिकडून काही आलं नाही. फिल्टर पाना टाकून नालीकडे धावला. नालीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, जणू काळं आलंच तर छातीनं अडवणार होता. तिकडं मशीनमध्ये कापड कढत असणार. तिकडं मास्तर झडपेवर हात ठेवून उभा असणार. नालीत फरशी धुतलेलं पाणी तेवढं बारीक धारेनं येत होतं.

मग पाइप वाजला. एकच टोला, असा सणसणीत की पाइपावरचा गंज झडून खाली पडला. नियमात त्या टोल्याला काही अर्थ नव्हता. ती सरळ सरळ शिवी होती.

"माजोरडा!" फिल्टर नालीच्या तोंडातून रंगखात्याच्या दिशेनं ओरडला.

आणि तो तिथंच उभा राहिला, पुष्कळ वेळ, नालीकडे बघत. काळं आलं नाही.